पाली आणि पंतसचिव : घाटापलीकडच्या मालकांची गोष्ट

थ्रेड

१/
खोपोलीहून पालीकडे जाणारा रस्ता सुमारे ४० किलोमीटरचा. शेमडी, परळी, जांभूळपाडा अशी गावे मागे टाकत तासाभरात प्रवासी बल्लाळेश्वराच्या दारात पोहोचतो. या वाटेवर खालापूर तालुका कुठे संपला आणि सुधागड तालुका कुठे सुरू झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. १९४८ पूर्वी मात्र हीच रेषा दोन राज्यांच्या मधून जात होती. अलीकडे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातला कुलाबा जिल्हा होता आणि पलीकडे भोर संस्थान.

२/
भोर हे गाव कोकणात नाही. ते सह्याद्रीच्या पलीकडे, नीरा नदीच्या खोऱ्यात, आजच्या पुणे जिल्ह्यात आहे. तरीही कोकणातल्या पालीचा सारा कोणी वसूल करायचा, फिर्याद कोणी ऐकायची आणि गडावर कोण राहायचे, हे तिथून ठरत असे. आणि ज्यांच्या नावाने हे ठरे, त्या घराण्याची पदवी राजा अशी नव्हती. ती होती ‘सचिव’, म्हणजे दफ्तराची तपासणी करणारा अधिकारी. कागद तपासणाऱ्या पदाचे राज्य कसे झाले, याची ही हकीकत.

३/
आधी गावाची ओळख. पाली अंबा नदीच्या खोऱ्यात वसली आहे. गावाच्या डोक्यावर सरसगड आहे. दुरून पगडीसारखा दिसतो म्हणून त्याला ‘पगडीचा किल्ला’ असेही म्हणतात. पूर्वेला सह्याद्रीच्या कुशीत सुधागड. या गडाचे जुने नाव भोरप, आणि गडावरची देवी भोराई. गावात अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वर. देव, नदी, टेहळणीचा किल्ला आणि वस्तीचा मोठा गड या चारही गोष्टी काही मैलांच्या आत आहेत. म्हणून हे लहानसे गाव सत्ताधाऱ्यांना सोडवत नसे.

४/
या खोऱ्याचे महत्त्व किल्ल्यांपेक्षा जुने आहे. ठाणाळे आणि खडसांबळे येथील बौद्ध लेणी याच तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी कोरलेली आहेत. चौलसारख्या बंदरात उतरलेला माल घाटमाथ्यावर नेणाऱ्या वाटा याच डोंगररांगेतून चढत होत्या. वाटेवर वाटसरू येतात, वाटसरूंमागे दान येते आणि जकातही येते. पुढे किल्ले उभे राहिले ते याच वाटांवर नजर ठेवण्यासाठी.

५/
वाटेवरचा ताबा म्हणजे काय, हे २ फेब्रुवारी १६६१ रोजी दिसले. शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरत होता. आजच्या खालापूर तालुक्यातील चावणीजवळच्या उंबरखिंडीत, दाट रानात आणि अरुंद वाटेवर शिवाजी महाराजांनी त्याला कोंडले. फौजेबरोबर असलेल्या रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खानाने वाट मोकळी करून मागितली. ही जागा खोपोली-पाली रस्त्यापासून फार आत नाही. इथल्या घाटवाटा ज्याच्या हाती, त्याच्या हाती कोकणाचे दार, हा धडा पुढे कोणी विसरले नाही.

६/
आता ‘सचिव’ या शब्दाकडे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांना संस्कृत पदव्या मिळाल्या. आधीचा ‘सुरनीस’ तो आता ‘सचिव’ झाला. राज्यातून निघणारी पत्रे तपासणे, त्यांतील अधिक-उणे दुरुस्त करणे, महाल-परगण्यांच्या हिशेबावर लक्ष ठेवणे, ही त्याची कामे. हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. जमीनमोजणी आणि साऱ्याची आकारणी यांत त्यांचा हात धरणारा दुसरा अधिकारी त्या काळी विरळा.

७/
या पदाला पगार होता, जहागीर नव्हती. मुद्दा इथेच आहे. सचिवाला सालिना १०,००० होन मिळत, असे सांगितले जाते. अधिकाऱ्याला मुलूख तोडून दिला की तो त्या मुलखाचा धनी होऊन बसतो आणि रयत व राज्य यांच्यामध्ये भिंत उभी राहते, हे शिवाजी महाराजांनी आदिलशाहीत आणि निजामशाहीत पाहिले होते. म्हणून शक्यतो रोख वेतन, आणि पद एकाच घराण्यात कायमचे नाही, असे त्यांचे धोरण होते. या नियमाने पाहिले तर सचिवाच्या घराण्याकडे पालीसारखे गाव कधी यायलाच नको होते.

८/
पहिल्या सचिवाचा शेवट सुधागडाच्या छायेत झाला, हा इतिहासातला विलक्षण योग. शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर राजारामांना गादीवर बसवण्याच्या खटपटीत अण्णाजी दत्तो होते. संभाजी महाराजांनी त्यांना एकदा क्षमा केली. १६८१ मध्ये दुसरा कट उघडकीस आला. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस यांना मृत्युदंड झाला. ही शिक्षा सुधागडच्या परिसरातच अमलात आली, असे मानले जाते.

९/
त्याच वर्षी याच परिसरात आणखी एक पाहुणा होता. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर, सोबत दुर्गादास राठोड, दक्षिणेत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्याचा मुक्काम सुधागडाच्या पायथ्याशी पडला. नोव्हेंबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी त्याची भेट घेतली. पायथ्याच्या पाच्छापूर गावाचे नाव ‘पातशाहपूर’वरून आले, असे सांगतात. दिल्लीच्या तख्ताची स्वप्ने पाहणारा शहजादा काही काळ कोकणातल्या या रानात गवती छपराखाली राहिला. शेवटी १६८७ मध्ये तो समुद्रमार्गे इराणकडे निघून गेला.

१०/
मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले, राजाराम महाराज जिंजीला पोहोचले. महाराष्ट्रात राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही. मागे राहिलेल्या मुलखाचा कारभार प्रामुख्याने दोघांवर पडला. एक रामचंद्रपंत अमात्य, दुसरे शंकराजी नारायण. राजारामांनी रामचंद्रपंतांना ‘हुकूमतपनाह’ आणि शंकराजींना ‘राजाज्ञा’ हे किताब दिले.

११/
शंकराजी नारायण गांडेकर हे भोरच्या घराण्याचे मूळ पुरुष. लेखणीचे काम करता करता ते तलवारीकडे वळले. राजगड, तोरणा, रोहिडा हे मावळातले किल्ले मोगलांकडून परत मिळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हा सारा डोंगराळ मुलूख. इथे किल्ला घेण्याइतकेच अवघड काम म्हणजे तो घेतल्यावर राखणे. त्यासाठी शिबंदी हवी, शिबंदीला धान्य हवे आणि धान्यासाठी आसपासच्या गावांचा वसूल हाती हवा.

१२/
पैसा नसलेल्या राज्याने लढाई कशी चालवायची? औरंगजेब मराठा देशमुखांना वतनांचे आमिष दाखवत होता. त्यांना आपल्या बाजूला ठेवायचे तर राजारामांनाही तेच द्यावे लागले. जो मुलूख मोगलांच्या हातात होता, त्याच्याही सनदा निघू लागल्या. जिंकून घ्या आणि खा, असा त्याचा अर्थ. शिवाजी महाराजांनी टाळलेली गोष्ट राज्य वाचवण्यासाठी करावी लागली. राज्य वाचले, पण मुलूख वाटला गेला आणि तो पुन्हा एका मुठीत आला नाही.

१३/
या वाटपात शंकराजींना सचिवपद आणि त्याबरोबर मुलूख मिळाला. संस्थानाची स्थापना १६९७ ची मानली जाते. २३ वर्षांपूर्वी पगारी असलेले पद आता मुलखाचे झाले आणि लवकरच वंशपरंपरागतही. शंकराजींचे सहकारी रामचंद्रपंत अमात्य यांनी पुढे ‘आज्ञापत्र’ लिहिले आणि त्यात वतनदारांपासून राज्याला असलेल्या धोक्याची स्पष्ट जाणीव दिली. त्यांच्या स्वतःच्या घराण्याचीही गगनबावड्याला जहागीर झाली, यावरून काळाचा ओघ किती जबर होता हे कळते.

१४/
शंकराजींच्या निष्ठेची परीक्षा १७०७ मध्ये आली. राजारामांच्या पश्चात ताराबाई राज्य चालवत होत्या आणि शंकराजींनी त्यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. औरंगजेब मेला, शाहू सुटून आले आणि त्यांनी शंकराजींना बोलावणे धाडले. थोरल्या संभाजींचा मुलगा गादीवर हक्क सांगतो आहे, त्याच्याशी लढायचे कसे? आणि शपथ मोडायची तरी कशी? या पेचात शंकराजींनी भोरजवळ अंबवडे येथे जलसमाधी घेतली. तिथे त्यांची समाधी आजही आहे.

१५/
मागे राहिला लहानगा मुलगा, नारो शंकर. शाहूंनी सूड न घेता सचिवपद त्याच्याकडेच ठेवले. पद गुणावर दिले जाण्याचा काळ संपला होता, याची यापेक्षा मोठी खूण कोणती? राज्याचे दफ्तर तपासण्याचा अधिकार एका बालकाच्या नावावर होता. कारभार त्याची आई येसूबाई आणि मुतालिक पाहत. (या येसूबाई संभाजी महाराजांच्या पत्नी नव्हेत. नाव एकच, माणसे वेगळी.)

१६/
याच येसूबाईंच्या एका निर्णयाने पुण्याचा इतिहास बदलला. हिंगणगावच्या दमाजी थोरातांनी सचिवाला कैद केले होते. बाळाजी विश्वनाथांच्या प्रयत्नांनी त्याची सुटका झाली. त्या उपकाराची फेड म्हणून सचिवांकडचा पुरंदर किल्ला बाळाजींच्या कुटुंबाला राहण्यासाठी दिला गेला. पेशव्यांच्या घराण्याला पुण्याजवळ पहिला भक्कम आसरा मिळाला तो असा. धाकटा प्रधान पुढे सर्वांहून मोठा झाला आणि पंतसचिवांचे घराणे त्याच्या सावलीत टिकून राहिले.

१७/
मुलखाखेरीज सचिवांना आणखी एक उत्पन्न होते. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आल्यावर बाळाजी विश्वनाथांनी वसुलीची वाटणी बसवली. चौथाईपैकी २५ टक्के ‘राजबाबती’ छत्रपतींची. उरलेल्यातून एकूण रकमेच्या ६ टक्के ‘साहोत्रा’ पंतसचिवांचा, ३ टक्के ‘नाडगौंडा’ छत्रपतींच्या मर्जीतल्यांना आणि बाकीचा ‘मोकासा’ सरदारांना. म्हणजे फौज कुणाचीही असो, तिने आणलेल्या चौथाईत सचिवांचा वाटा ठरलेला. हिशेब तपासणाऱ्या पदाची ती शेवटची आठवण होती.

१८/
मग पंतसचिव पालीचे ‘मालक’ होते, म्हणजे नेमके कशाचे? आजच्या सातबाऱ्याच्या अर्थाने जमिनीचे नव्हे. शेत कसणारा एक, गावचा पाटील किंवा खोत दुसरा, परगण्याचा देशमुख तिसरा, मुलखाचा सचिव चौथा आणि सर्वांवर छत्रपती. एकाच भाताच्या राशीवर या सर्वांचे हक्क एकावर एक रचलेले. सचिवांचा हक्क होता तो राज्याच्या वाट्यावर, म्हणजे साऱ्यावर, जकातीवर, दंडावर आणि किल्ल्यांवर. कष्ट करणाऱ्या कुळाला मात्र ही राशी किती जणांत वाटली जाते, एवढेच दिसत असे.

१९/
सचिवांनी आपल्या मुलखाचे जे तालुके केले त्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, राजगड, पवनमावळ आणि सुधागड. पाचांपैकी चार नावे किल्ल्यांची! बाजारपेठेवरून किंवा कसब्यावरून नाव न देता गडावरून नाव दिले, कारण संस्थान जन्माला आले तेच किल्ल्यांच्या पोटी. पाचांपैकी चार तालुके घाटमाथ्यावर होते. कोकणात उतरलेला एकटा सुधागड.

२०/
घाटमाथ्यावरच्या मालकाला कोकणातला हा तुकडा कशासाठी हवा होता? पश्चिमेला आंग्रे, दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी आणि मध्ये अंबेचे खोरे. तैलबैला, घनगड या बाजूने उतरणाऱ्या वाटा सुधागडाजवळ कोकणात येतात. खाली सुधागड आणि सरसगड हाती असले की वरचे मावळ सुरक्षित. शिवाय कोकणातला तांदूळ आणि मीठ वर जायचे तर याच वाटांनी. सुधागडावर आजही उभा असलेला पंतसचिवांचा चौसोपी वाडा आणि भोराईचे मंदिर हे त्या कारभाराचे घर. भोराई ही पंतसचिवांची कुलदेवता मानली जाते.

२१/
गावातली सर्वांत मोठी वास्तू मात्र मालकाच्या वाड्याची नाही, देवाची आहे. बल्लाळेश्वराचे पूर्वीचे मंदिर लाकडी होते. आजचे दगडी मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. देवळातली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर चिमाजीअप्पांनी अर्पण केली, अशी परंपरा आहे. म्हणजे गाव सचिवांचे, घंटा पोर्तुगीजांची, अर्पण पेशव्यांच्या भावाचे आणि भक्त चारी दिशांचे. पालीला मालकाने जेवढे दिले, त्याहून जास्त या देवाने माणसे आणून दिली.

२२/
१८१८ च्या आरंभी कर्नल प्रॉथरची इंग्रज फौज कोकणातून निघाली. कर्नाळा, अवचितगड, सरसगड, सुधागड एकामागून एक पडले. मार्चमध्ये वरचे लोहगड, राजमाची, कोरीगड आणि १० मे रोजी रायगड. ज्या किल्ल्यांच्या जोरावर हे घराणे उभे राहिले होते, ते काही आठवड्यांत निरुपयोगी ठरले. तोफखाना डोंगरापर्यंत आणता येऊ लागला होता. आता घराणे टिकणार असेल तर ते तटाच्या नव्हे, कागदाच्या आधाराने.

२३/
आणि तो कागद मिळाला. एल्फिन्स्टनला मराठी मुलखात शांतता हवी होती आणि जुनी घराणी एकदम उखडली तर असंतोष पेटेल, हे तो जाणून होता. साताऱ्यात प्रतापसिंह छत्रपतींचे राज्य ठेवले गेले. १८२० मध्ये पंतसचिवांसह साताऱ्याच्या जहागीरदारांशी स्वतंत्र करार झाले. मुलूख त्यांच्याकडे, चाकरी छत्रपतींची, हमी इंग्रजांची. पाली पुन्हा भोरच्या नावावर लागली. तटबंदीने मिळवलेला मुलूख तहाने राखला गेला.

२४/
१८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ अप्पासाहेब वारले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने मान्य केला नाही आणि सातारा खालसा झाले. भोरच्या घराण्यातही वारस नसल्याने दत्तक घेण्याचे प्रसंग आले होते, तरी भोर राहिले. धन्याची गादी गेली, सचिवाची जहागीर उरली. त्याच १८४८ च्या सप्टेंबरमध्ये युरोपात ऑस्ट्रियन साम्राज्याने बोहेमियासह आपल्या मुलखातल्या शेतकऱ्यांवरील सरदारांची धनीकी आणि वेठ रद्द केली. आजच्या चेक देशातली लहान गावे तेव्हा आपल्या उमरावांच्या हाताखालून सुटली. पालीला त्यासाठी आणखी बरोबर १०० वर्षे थांबावे लागले.

२५/
या १०० वर्षांत रेषेच्या दोन बाजूंना दोन काळ वावरले. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत रेल्वे आली, १८६३ मध्ये बोरघाटातून ती वर चढली. कर्जत हे जंक्शन झाले. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुटली. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. पाली तिथून हाकेच्या अंतरावर, पण रेल्वेचा रूळ अंबेच्या खोऱ्यात वळला नाही. १९०१ मध्ये भोर संस्थान सुमारे ९२५ चौरस मैलांचे आणि १,३७,२६८ लोकवस्तीचे होते. संस्थानिकांना नऊ तोफांची सलामी होती.

२६/
फरक फक्त रुळांचा नव्हता. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा कर्जत-खालापूरच्या पात्र रहिवाशाने मत दिले. रेषेपलीकडच्या पालीकराला त्या निवडणुकीत मत नव्हते, कारण तो संस्थानी प्रजा होता. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते इलाख्यासाठी. २ जानेवारी १९४३ रोजी माथेरानचे भाई कोतवाल सिद्धगडावर हुतात्मा झाले. संपूर्ण कोकण एका लढ्याने धुमसत होते, पण कोणता कायदा लागू आणि दाद कुठे मागायची, हे अंबेच्या काठावरच्या एका रेषेवरून ठरत होते.

२७/
८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले. शेवटचे राजे रघुनाथराव यांच्या सत्तेसोबत शंकराजींपासून चालत आलेली अडीचशे वर्षांची साखळी संपली. संस्थानाचे तुकडे भूगोलाप्रमाणे पडले. भोरचा मुलूख पुणे जिल्ह्यात आणि सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला. घाटाच्या वरचे आणि खालचे यांना जोडणारा धागा म्हणजे फक्त एक घराणे होते. ते बाजूला होताच सह्याद्री पुन्हा सीमा झाला.

२८/
मालक गेला म्हणून जमीन कुळाची झाली का? लगेच नाही. वरचा थर १९४८ मध्ये निघाला, खालचे थर उरले. त्याच वर्षी मुंबईचा कुळकायदा झाला, १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ने कसणाऱ्या कुळाला मालक मानले. एकेक पापुद्रा कायद्याने सोलावा लागला. ज्यांची नावे कुठल्याच कागदावर कधी लागली नव्हती, त्या कातकरी आणि ठाकर कुटुंबांपर्यंत हा प्रवास सर्वांत उशिरा पोहोचला आणि अनेकांपर्यंत अपुराच राहिला. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले.

२९/
१९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पंतसचिवांच्या कारभाराच्या खुणा शोधायच्या तर सुधागडावरचा वाडा आहे. तिथे आता दुर्गप्रेमी मुक्काम करतात. नवरात्रात भोराईच्या देवळात पायथ्याच्या गावांतली माणसे येतात. सरसगडाच्या पायऱ्या आहेत. अंबवड्याची समाधी आहे. आणि एक खूण अशी आहे की ती रोज हजारो लोकांच्या डोळ्यांखालून जाते.

३०/
तालुक्याचे मुख्य गाव पाली. तहसील कचेरी पालीत, बाजार पालीत, देव पालीचा. तालुक्याचे नाव मात्र सुधागड. कर्जत तालुक्याचे मुख्य गाव कर्जत, खालापूरचे खालापूर. मग पालीच्या तालुक्याचे नाव वेगळे का, याचे उत्तर पाचांपैकी चार तालुक्यांना गडांची नावे देणाऱ्या संस्थानात आहे. अधिकार गेला, सलामी गेली, साहोत्रा गेला. दफ्तरात लिहिलेले तालुक्याचे नाव तेवढे राहिले, आणि सचिवाचे मूळ कामही दफ्तराचेच होते.

(थ्रेड समाप्त)